आयटीतली नोकरी आणि टेकडी, वेळ कसा काढता?

हिंजवडीला जाणंयेणं धरून रोज १२ तास जातात, शनिवारीपण कॉल, डोकं नुसतं भणभणतं. लांबचे ट्रेक जमत नाहीत, पुण्यातच काही सुचवा ना.

>> अहो वेताळ टेकडी आहे की! पहाटे ६ ला चढा, खाणीपाशी दहा मिनिटं गप्प बसा, मोर ओरडतात ते ऐका, मी मोबाईल गाडीतच ठेवतो आणि ८ च्या आत घरी.

>> रोजचं नका धरू, होत नाही मग आपलाच जीव खातो. आठवड्यातून दोनदा तळजाई टेकडी, बास.

>> सिंहगड रविवारी नकोच, फार गर्दी. मी मधल्या वारी सुट्टी टाकून पायथ्याच्या आतकरवाडीकडून चढले, वर मडक्यातलं दही खाल्लं, त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.