टाकाऊतून कला : मूळ वस्तू ओळखू यायला हवी

टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या कलाकृती पाहून लोकांच्या सवयी बदलत नाहीत, असा एक आक्षेप घेतला जातो. तो बराचसा मान्य करूनही थोडी भर घालावीशी वाटते. कलाकृतीत मूळ वस्तू ओळखू येते की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. घानात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई यांनी मद्याच्या बाटल्यांची हजारो झाकणे ठोकून चपटी केली आणि तांब्याच्या तारेने एकमेकांत गुंफून भिंतभर पडदे घडवले. दुरून ते भरजरी वस्त्रासारखे झळाळतात. जवळ गेल्यावर मात्र तुकड्यातुकड्यावर छापलेली नावे दिसू लागतात, आणि एवढ्या बाटल्या रिचवल्या तरी कोणी, हा प्रश्न आपोआप पडतो. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचे सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले, त्यातही सीट हे सीटच राहते (अर्थात, पर्यावरण हा त्याचा हेतू नव्हता).

याउलट प्लास्टिकच्या बाटलीवर ऑइलपेंटचे दोन हात दिले आणि वर चमकी चिकटवली, की बाटली दिसेनाशी होते. शिवाय जी एरवी पुनर्प्रक्रियेला जाऊ शकली असती, ती रंग आणि गोंद बसल्यामुळे बहुधा तिथेही नाकारली जाते. अशा उपक्रमासाठी नव्या बाटल्या विकत आणल्या जात असतील, तर बोलायलाच नको. तार, दोरा किंवा नटबोल्ट वापरून केलेली जोडणी प्रदर्शन संपल्यावर सोडवता येते आणि धातू धातूच्या, प्लास्टिक प्लास्टिकच्या ढिगात परत जाऊ शकते.