मदत हवी आहे : लेकीला जिऑलॉजी, घरच्यांना कॉम्प्युटर

नमस्कार मंडळी,

लेक यंदा बारावी झाली. सीईटीत बरे पर्सेंटाइल पडलेत. सीओईपी हाती लागणार नाही, पण कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) पुण्यातल्या एखाद्या ठीकठाक कॉलेजात कॉम्प्युटर मिळून जाईल. बाईसाहेबांना मात्र फर्ग्युसनला बीएस्सी जिऑलॉजी (भूशास्त्र, म्हणजे खडकांचा अभ्यास) करायचंय.

हे खूळ आजचं नाही. गावाकडे कुठे विहीर खणायला घेतली की ही मलम्यात बसून झिओलाइटचे (आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडणारं खनिज) स्फटिक निवडणार. निघोजचे रांजणखळगे (पाण्याने नदीच्या खडकात कोरलेले खड्डे) बघायला नेलं, तर मळगंगेच्या देवळात पाऊल न टाकता दुपारभर कुकडीच्या पात्रात. (घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे दगड.)

घोडं अडलंय पैशापाशी, आणि तेही उलट्या बाजूने. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. 2024-25 पासून अशा घरातल्या मुलींना कॅपमधून इंजिनीअरिंगला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. त्यामुळे जाऊबाई रोज ऐकवतात, "फुकटचं इंजिनीअरिंग सोडून दगड फोडायला पाठवतेस?" यांचंही मत तेच, फक्त आवाज खालचा.

मी थोडी चौकशी केली. जिऑलॉजिकल सर्व्हेत वर्ग एकचं पद हवं तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, आणि तिला एमएस्सी लागतेच. आयआयटीत एमएस्सी करायची तर आधी जॅम ही प्रवेश परीक्षा. म्हणजे किमान पाच वर्षं शिक्षण, वर परीक्षेची तयारी. आवड आहे की नाही हा प्रश्नच नाही, ती दिसतेय. मला धास्ती आहे ती परीक्षा निघाली नाही तर काय याची. पास झालेल्यांच्या मुलाखती सगळीकडे सापडतात, राहिलेल्यांचं पुढे काय होतं ते कुणी सांगत नाही.

तर या क्षेत्रातल्यांनी सांगा: सरकारी परीक्षा न देता एमएस्सीनंतर काय कामं मिळतात? फील्डवर मुलींना घेतात का? खाणीत जमिनीखाली काम करायची परवानगीच बायकांना 2019 मध्ये मिळाली असं वाचलं, म्हणून विचारते. "कॉम्प्युटर कर, दगड छंद म्हणून ठेव" हा सल्ला घरात भरपूर मिळतोय, तो कृपया नको.

ऑप्शन फॉर्म भरायची वेळ जवळ आलीय, तेव्हा जरा लवकर.

प्रतिसाद :

ताई, मी भूजलात काम करतो. यूपीएससी दोनदा हुकली, तरी पोट भरतंय. बोगदे, धरणं, मेट्रो सगळीकडे भूवैज्ञानिक लागतो. सुरुंग लावून बोगदा काढताना दर स्फोटानंतर समोरच्या खडकाची नोंद करावी लागते, ती आमचीच माणसं करतात. मुली आहेत, पण कमी. साइटवर राहण्याची सोय कशी आहे ते प्रत्येक वेळी विचारून घ्यावं लागतं. सुरुवातीचा पगार आयटीच्या जवळपासही नसतो, हे तिला आत्ताच सांगा. नुसत्या बीएस्सीवर फारसं काही मिळत नाही. जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचं तंत्र) मात्र पहिल्या वर्षापासून शिकू द्या. आणि प्रवेश घेण्याआधी जिऑलॉजीबरोबर फिजिक्स आणि गणित घेता येतंय का ते कॉलेजात जाऊन विचारा, म्हणजे पुढे जिओफिजिक्सलाही जाता येईल.