मदत हवी आहे: 'टँक' हा शब्द आपल्या 'टाक्या'वरून आला का?

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यातल्या एका गडाच्या पायथ्याला शाळा आहे, तिथे मी शिकवतो. गेल्या महिन्यात सातवीच्या मुलांना घेऊन गडावरच्या, कातळात खोदलेल्या पाण्याच्या एका टाक्यातला गाळ काढला. गाळ उपसल्यावर आतली भिंत उघडी पडली आणि ओल्या शेवाळाखाली टाकीचे, म्हणजे छिन्नीचे घाव दिसायला लागले. तिरपे, एकाखाली एक. मुलं त्यांवरून बोटं फिरवत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "सर, टाकं म्हणजेच टँक ना? मग इंग्रजांनी शब्द आपल्याकडून नेला का?"

आता शाळेच्या भिंतीवर, गडाची वाट सुरू होते तिथे, टाक्यांची माहिती रंगवायची आहे. गावातल्या मंडळींचा आग्रह आहे, 'इंग्रजीतला टँक मूळचा मराठी' असं ठळक लिहा. वाचायला मलाही फार आवडेल. पण भिंतीवर लिहिलेलं मुलं खरं मानतात, म्हणून घाई करायची नाही.

मला सापडलं ते असं. इंग्रजीत 'टँक' शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतो आणि तो हिंदुस्थानातल्या तळ्या-हौदांसाठी. पत्र्याची बंद टाकी हा अर्थ नंतरचा. मुंबईत हा जुना अर्थ अजून जिवंत आहे: सीपी टँक, गोवालिया टँक, बाणगंगा टँक. गोवालिया टँकवर गवळी गुरं धुवायला आणत, म्हणजे ते उघडं तळंच. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या अँग्लो-इंडियन कोशातही या शब्दाची चर्चा आहे. गुजरातीत 'टांकुं', राजस्थानात पावसाचं पाणी साठवायचा 'टांका', आपल्याकडे 'टांकें'. म्हणजे शब्द एकट्या मराठीचा म्हणता येणार नाही, पश्चिम भारताचा म्हणावा लागेल.

अडचण आहे ती पोर्तुगीजांची. त्यांच्याकडे 'टांके' असा उच्चार होणारा शब्द आहे, अर्थ तोच, पाण्याचा हौद. त्याचं नातं 'पाणी अडवणे' या त्यांच्याच क्रियापदाशी लावतात. शेजारच्या स्पॅनिशमध्ये तळ्याला 'एस्तांके' म्हणतात, फ्रेंचमध्ये 'एतां'. हे सगळे शब्द तर गोव्याहून गेलेले नाहीत! त्यामुळे काही अभ्यासक मूळ पोर्तुगीज मानतात, काही भारतीय. मला वाटतं, दोन्ही प्रवाह मिळाले असावेत. पोर्तुगीज इथे आले, त्यांच्या शब्दासारखाच शब्द त्याच अर्थाने इथे ऐकला, आणि दोहोंच्या जोरावर इंग्रजांच्या तोंडी तो पक्का झाला.

खरी मदत हवी आहे ती पुढच्या भागात. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी कोशात 'टांकें' आहे, म्हणजे आज आपण खाल्लेला अनुस्वार तेव्हा होता. काही ठिकाणी या शब्दाचं मूळ संस्कृत 'तडाग' सांगितलं आहे. ते मला पटत नाही. तडागावरून 'तलाव' आला, त्यात अनुस्वार कुठून येणार? उलट 'टंक' म्हणजे पाथरवटाची छिन्नी. दंताचा दांत झाला तसा टंकाचा टांक होणं सरळ आहे. आपण त्या छिन्नीला आजही टाकीच म्हणतो, 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण मुलांनाही पाठ आहे. टाकीने खोदलं ते टाकं? भिंतीवरचे घाव बघताना हे इतकं खरं वाटतं, की म्हणूनच भीती वाटते. कानाला जुळणाऱ्या व्युत्पत्ती पुष्कळदा फसवतात. प्राकृत जाणणाऱ्या कुणी यावर लिहावं ही विनंती. नाणेघाट, कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे. मग पोढी मागे पडून टांकें कधी आलं? जुन्या मराठी लेखांत, बखरींत कुणाला 'टांकें' दिसलं असेल तर नक्की सांगा.

रणगाड्याचा 'टँक' मुलांना सांगून झाला आहे. १९१६ साली इंग्लंडमध्ये लिंकनच्या कारखान्यात हे गाडे बनत होते, गुपित फुटू नये म्हणून ते मेसोपोटेमियासाठी पाण्याच्या टाक्या आहेत असं सांगत. सप्टेंबरात पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ते उतरले तरी नाव तेच राहिलं. पोरांना ही गोष्ट सगळ्यात आवडली.

आणखी एक विचारायचं आहे. तुमच्या भागात कातळातल्या पाण्याला काय म्हणतात? आमच्याकडे टाकं, आत खांब सोडले असतील तर खांबटाकं. कोकणातल्या, खानदेशातल्या, गोव्यातल्या वाचकांनी आपापला शब्द द्यावा. आमच्या वाडीवर मे महिन्यात टँकर येतो. त्याच्यामागे हंडा घेऊन उभ्या असलेल्या मुलीला तो शब्द आपल्या गडावरच्या टाक्याचा सोयरा आहे, हे माहीत व्हावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

भिंतीसाठी तूर्त हा मजकूर केला आहे:

"गडावरचं टाकं कातळात टाकीने खोदलेलं आहे. पश्चिम भारतातल्या 'टांकें' आणि पोर्तुगीजांच्या 'टांके' या शब्दांशी इंग्रजी 'टँक'चं नातं सांगतात. यातलं पाणी प्यायचं आहे, हात-पाय धुवू नयेत."

यात काही चुकीचं असेल तर कृपया शुक्रवारपर्यंत कळवा. शनिवारी सकाळी रंगारी येणार आहे.