फूड ब्लॉगचा धंदा: चिकाटी धरायची, की वेळेत गाशा गुंडाळायचा?

तूपरवा

वाद व्हावा म्हणूनच धागा काढतेय, आधीच सांगते.

माझा मराठी पाककृतींचा ब्लॉग येत्या दसऱ्याला चार वर्षांचा होईल. २१४ पाककृती. सगळ्या स्वतः केलेल्या, फोटोही माझेच, आणि बऱ्याचशा दोन-दोनदा करून मगच लिहिलेल्या. व्यवसाय म्हणूनच करायचा असं ठरवून नोकरी अर्धवेळ करून घेतली होती. चार वर्षांत जाहिरातींचे जे पैसे आले त्यातून डोमेन, होस्टिंग आणि एक वजनकाटा निघाला. नारळ धरले तर तोटाच.

आणि ज्याला सांगावं तो म्हणतो, "चिकाटी सोडू नकोस." सल्ला देणाऱ्याचं काय जातंय! उदाहरणंही ठरलेली. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये पाककृतींचं यूट्यूब चॅनल सुरू केलं, निशा मधुलिका यांनी २००७ मध्ये ब्लॉग आणि २०११ मध्ये यूट्यूब. दोघींच्या कामाबद्दल आदरच आहे. पण तेव्हा मैदान मोकळं होतं. त्या टिकून राहिल्या, आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, घरोघरी ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा राहिला. आज सुरू करणारीला तसं काही मिळेल याची हमी कोण देणार? ज्या तेव्हाच सुरू करून, तितकीच मेहनत करून बंद पडल्या, त्यांची नावं कुणाला आठवतात?

मला थांबावंसं वाटतंय. पटत नसेल तर भांडा.

आजीचापाटा

भांडते. माझा ब्लॉग नऊ वर्षांचा आहे आणि पहिली तीन वर्षं तुझ्यापेक्षा वाईट गेली.

ॲडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरातींच्या खात्यात, दहा डॉलर जमले की पत्ता पडताळायला टपालाने पिन येतो, आणि शंभर डॉलर पुरे झाल्याशिवाय पैसे खात्यात पडत नाहीत. मला ते दहा जमायला चौदा महिने लागले. पिनचं पाकीट पहिल्यांदा आलंच नाही. दुसऱ्यांदा आलं ते खालच्या मजल्यावरच्या काकांनी बँकेची जाहिरात समजून रद्दीत टाकलं. तिसऱ्या वेळी पोस्टमनदादांना आधीच सांगून ठेवलं, चहाही पाजला. शेजारणी हसायच्या.

आता मुद्दा. माझी निम्म्याहून जास्त वाचकसंख्या अकरा पाककृतींवर आहे, त्यात पहिली भाजणीची चकली. ती मी एकदा लिहून सोडून दिलेली नाही. दर दिवाळीला तिच्याखाली त्याच तक्रारी येतात: तुटते, तेलात विरघळली, कडक झाली. मोहन जास्त झालं की विरघळते, कमी पडलं की कडक होते, हे मी पहिल्याच वर्षी लिहिलं होतं. तरी प्रश्न थांबेनात. मग एका बाईंनी विचारलं, "ताई, वाटी म्हणजे केवढी?" तेव्हा वजनकाटा काढला. माझ्याच वाटीत भाजणी सैल भरली तर ९५ ग्रॅम, ठोकून भरली तर १२०. म्हणजे मोहन तेवढंच आणि पीठ सव्वापट! लोकांच्या चकल्या कडक होतील नाहीतर काय? त्या दिवशी ग्रॅममध्ये मापं टाकली, आणि पुढच्या दिवाळीत वाचक दुप्पट.

तू २१४ लिहिल्यास. त्यातल्या किती पुन्हा उघडून बघितल्यास?

हिशेबनीस

आजीचापाटा, गोष्ट छान आहे, पण एकीचं जमलं म्हणजे सगळ्यांचं जमेल असं होत नाही.

धागाकर्तीचा हिशेब मांडतो. बाजार, करणं, खिडकीतला उजेड जायच्या आत फोटो, लिहिणं आणि (हे कुणी धरत नाही) भांडी. एका पाककृतीला नऊ तास धरा. २१४ गुणिले नऊ म्हणजे १,९२६ तास. आठ तासांच्या नोकरीचं जवळजवळ सबंध वर्ष. त्या वर्षाचा पगार कुणी भरला? अर्धवेळ नोकरीने आणि घरातल्या दुसऱ्या पगाराने. ज्याच्या घरी दुसरा पगार येतो त्याची चिकाटी जास्त टिकते, एवढं तरी कबूल करा.

शिवाय बाजार बदललाय. २०२४ च्या ऑगस्टपासून भारतात गूगलवर इंग्रजी-हिंदीत शोधलं की वरच एआयने केलेला सारांश दिसू लागला. साबुदाणा किती वेळ भिजवायचा याचं उत्तर तिथेच मिळालं तर खाली कोण उतरतंय?

माझं म्हणणं एवढंच, तारीख ठरवा आणि रक्कम ठरवा. त्या तारखेला ती रक्कम येत नसेल तर छंद म्हणून चालू ठेवा, पण धंदा म्हणू नका.

आजीचापाटा

साबुदाण्याचे वाचक गेले, मान्य. मलाही फटका बसलाय. पण "रात्री भिजवला तरी खिचडीचा गोळा का झाला" हे विचारणारी बाई खाली उतरते. ती वैतागलेली असते आणि तिला माणूस हवा असतो.

दुसऱ्या पगाराचं कबूल. माझ्याकडेही तो होता.

सोलकढी

तुम्ही सगळे जाहिरातीच्या पैशांवरच अडकलाय. मी वेंगुर्ल्याजवळ राहते. माझा ब्लॉग म्हणजे दुकानाची पाटी आहे. पाटीतून कुणी पैसे कमावतं का?

मी मालवणी मसाला, कुळथाचं पीठ आणि कोकमाचं आगळ विकते. एफएसएसएआयची (खाद्यपदार्थ विकायला लागणारी सरकारी) नोंदणी घेतली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, ती परवडली. कुरिअर मात्र परवडत नाही, तो वेगळा धागा होईल. ब्लॉगवर फक्त चाळीसेक पाककृती आहेत. वडे-सागोती, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, घावणे. मुंबईचा चाकरमानी रात्री अकराला सागोतीची पाककृती वाचतो आणि त्याला आईचा मसाला आठवतो. मग मला मेसेज येतो.

मसाल्याचं काम एप्रिल-मे मध्ये. मिरच्या अंगणात पसरायच्या, राखायच्या, आणि आभाळ भरून आलं की धावत जाऊन गोळा करायच्या. गेल्या मे मध्ये एका सरीने आठ किलो मिरची भिजली. 'देवाक काळजी' म्हणून गप्प बसले असते तर पावसाळ्यात विकायला काही उरलं नसतं. उसने पैसे घेऊन परत मिरची आणली. चिकाटी लागते ती तिथे. रोज नवी पोस्ट टाकण्याला मी चिकाटी म्हणत नाही, ती सवय झाली.

तूपरवा

सोलकढी, पटतं, पण प्रत्येकीकडे अंगण नसतं. माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत पापड वाळत नाहीत.

आणि कष्टाचं सोडा, चोरीचं काय? गेल्या गणपतीत माझ्या उकडीच्या मोदकांचा फोटो, कोपऱ्यातलं नाव कापून, एका मोठ्या पेजवर लागला. माझे शब्दही जसेच्या तसे, अगदी "कळी दाबताना बोटाला तूप लावा, पाणी नको" या वाक्यासकट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जिन्नस आणि मापांच्या नुसत्या यादीला संरक्षण नाही, पण लिखाण आणि फोटो माझे आहेत. तक्रार केली. फोटो उतरवला. कधी? अनंत चतुर्दशी झाल्यावर. वर्षभरात ज्या दहा दिवसांत मोदक शोधले जातात ते दहा दिवस त्यांचे झाले.

अशा वेळी चिकाटी धरून मी करायचं काय होतं, दुसऱ्या वर्षीच्या चोरीची वाट बघायची?

डॅलसकर

मी फक्त वाचक आहे, कधी लिहीत नाही. तूपरवा, इकडे मिळणाऱ्या तांदळाच्या पिठाची उकड दर वर्षी चिरायची. तुम्ही लिहिलं होतं की बारीक दळलेलं पीठ नसेल तर आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून घरी दळा, आणि उकड गरम असतानाच मळा. मिक्सरमध्ये दळलं, तीनदा चाळलं. अकरा मोदक झाले, एकही फुटला नाही. लेकीने फोटो काढून आजीला पाठवले. प्लीज बंद करू नका.

हिशेबनीस

डॅलसकर, रागावू नका, पण सरळ विचारतो. या ब्लॉगसाठी वर्षाला पाच डॉलर द्याल?

डॅलसकर

प्रश्न वाचून अर्धा तास गेला. खरं सांगू? मोदकाच्या आदल्या दिवशी विचारलंत तर देईन. आज विचारलंत तर बहुतेक नाही.

हिशेबनीस

इतकं प्रामाणिक उत्तर या धाग्यात दुसरं नाही (माझी धरून).

तूपरवा

आजीचापाटाचा प्रश्न डोक्यात राहिला होता, म्हणून रात्री बसून आकडे काढले. २१४ पैकी दुसऱ्यांदा उघडून दुरुस्त केलेल्या: सहा. फक्त सहा.

आणि सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान मोदकांचं नाहीच. 'तूप कढवताना बेरी काळी का होते' हे आहे. ते मी वीस मिनिटांत, वैतागून, फोटोशिवाय लिहिलं होतं, कारण त्या दिवशी माझीच बेरी जळली होती. त्याखाली ४३ प्रश्न पडलेत आणि मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. सगळ्यात जुना दोन वर्षांपूर्वीचा: "लोणी फ्रीजमधून काढून तसंच गॅसवर ठेवलं तर चालतं का?"

आजीचापाटा

मग? चालतं का?

तूपरवा

चालतं, पण तडतडून वर येतं. भांडं दुप्पट मोठं घ्यायचं आणि पहिली पाच मिनिटं आच मंद. तिकडे हेच लिहून आले आत्ता. ४२ राहिले.

हिशेबनीस

तारीख ठरली का?

तूपरवा

पाडवा. रक्कमही ठरलीय, पण ती इथे सांगणार नाही, नवराही हा धागा वाचतो.