सर्व्हरवरचे जुने जॉब टर्मिनलवरून उडवायचे आहेत, आणि उडवलेल्यांची जागा सुटेना

पॅटर्नशॉप_उद्यमबाग

बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न आणि डाय डिझाइनचं ऑफिस. एक उबंटू सर्व्हर, ४ टीबीची वेगळी डेटा डिस्क (ईएक्सटी४), सांबावरून (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला शेअर करणारा प्रोग्राम) नऊ विंडोज पीसी जोडलेले. फौंड्रीवाल्यांच्या प्रत्येक जॉबला एक फोल्डर: थ्रीडी मॉडेल, कोअर बॉक्सची ड्रॉइंग, सीएनसी प्रोग्राम, फोटो. डिस्क किती भरली ते दाखवणारं डीएफ -एच सांगतंय आकार ३.६ टी, वापर ३.३ टी, ९६ टक्के भरली.

गेल्या आठवड्यात विंडोजमधून तीन जुने जॉब डिलीट केले, सुमारे २१० जीबी. डीएफ हललं नाही. फोल्डरांचे आकार मोजणाऱ्या डीयू -एसएच * ची बेरीज मात्र ३.१ टी येते. मग बाकीचं गेलं कुठं?

अजून ६० जॉब काढायचेत, ते टर्मिनलवरून. नावं काही मराठीत, काही कन्नडमध्ये, मध्ये स्पेस. न विचारता पुसणारं आरएम -आरएफ मारायला हात धजत नाही. त्यात "दुसऱ्या ऑर्डरचा पंप" हा फोल्डर एलएसमध्ये (फोल्डरांची यादी) दिसतो, पण नाव टाइप केलं की "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी".

(कमांड उच्चाराप्रमाणं लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत.)

निपाणीकर

जागेचं आधी. विंडोजमधून डिलीट केलंय ना? मग शेअरवर सांबाचा रिसायकल मॉड्यूल चालू आहे का बघा. एसएमबी.कॉन्फमध्ये (सांबाची सेटिंग फाइल) "व्हीएफएस ऑब्जेक्ट्स" या ओळीत रिसायकल असेल, तर फाइली पुसल्या जात नाहीत, शेअरच्या मुळाशी .रिसायकल नावाच्या फोल्डरात जाऊन बसतात. नाव टिंबानं सुरू होतं, आणि शेलचा (कमांड वाचणारा प्रोग्राम) तारा (*) टिंबवाली नावं धरत नाही. म्हणून डीयूच्या बेरजेत ते आलंच नाही. फरक ०.२ टी, तुमचे २१० जीबी. हिशेब जुळतोय बघा की. तारा न लावता डीयू -एचडी१ . मारा, सगळं दिसेल.

उलट बाजूही ध्यानात ठेवा: टर्मिनलवरून आरएम मारलं की हा रिसायकल आड येत नाही. तो सांबाचा आहे, डिस्कचा नव्हे. तिथं गेलं ते गेलं.

.रिसायकल रिकामं निघालं तर एलएसओएफ +एल१ (एल कॅपिटल) मारा. पुसलेली फाइल एखाद्या प्रोसेसनं उघडी धरली असेल तर ती प्रोसेस बंद होईपर्यंत जागा सुटत नाही.

आणि एक फुकटची जागा. ईएक्सटी४ मुळातच ५ टक्के ब्लॉक रूटसाठी (सर्व्हरचा मुख्य अ‍ॅडमिन) राखून ठेवतं. सिस्टिमच्या डिस्कवर ते हवंच, पण नुसत्या डेटा डिस्कवर १ टक्का पुरतो. ट्यून२एफएस -एम १ आणि पुढं डिस्कचं नाव, उदा. /डेव्ह/एसडीबी१. डिस्क चालू असताना चालतं. ४ टीबीवर सुमारे दीडशे जीबी मोकळे होतात, एकही जॉब न पुसता.

घटप्रभा_काठ

"दुसऱ्या" मधला ऱ्या हा गुन्हेगार. तो युनिकोडमध्ये तीन तऱ्हेनं लिहिता येतो: ऱ हे एकच अक्षर आणि हलंत; र, खाली नुक्ता आणि हलंत; किंवा र, हलंत आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखेच. पहिल्याला ६ बाइट लागतात, बाकी दोघांना ९. लिनक्स नावाचे बाइट बघतं, रूप बघत नाही. फोल्डर एकानं एका कीबोर्डवरून केला, तुम्ही दुसऱ्यावरून टाइप करताय, म्हणून सापडत नाही. एलएस | हेक्सडम्प -सी (सी कॅपिटल) मारा. ई० ए४ बी१ दिसलं तर अखंड ऱ आहे. ई२ ८० ८डी दिसलं तर जॉइनर. कन्नडमध्ये ओकाराची हीच गत: एकच खूण, नाहीतर एकार आणि ऊकाराच्या दोन खुणा.

उपाय सोपा: टाइप करू नका. "दु" लिहून टॅब दाबा, शेल आपणहून खरे बाइट भरतं. तेही जमलं नाही तर एलएस -एलआय मारून डावीकडचा आयनोड नंबर (डिस्कवरचा त्या फोल्डरचा क्रमांक) घ्या आणि

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनम नंबर -एक्झेक एमव्ही -आय {} ./पंप_जुना \;

इथं -डिलीट लावू नका. भरलेल्या फोल्डरवर ते नुसतं "डिरेक्टरी नॉट एम्प्टी" म्हणेल. आधी सोपं नाव द्या, मग काय ते करा. आणि पुढं कधी फाइंड -डिलीट वापरलंत तर ते कायम शेवटी. अटींच्या आधी लिहिलं तर अटी बघायच्या आतच सगळं साफ.

खानापूर_रोड

६० जॉब थेट आरएमनं नको. आधी बाजूला सारा.

शेअरच्या बाहेर पण त्याच डिस्कवर एक फोल्डर करा, नाव तारखेसकट: _काढायचे_२०_जून असं. एमव्हीनं जॉब त्यात हलवा. एकाच डिस्कवर एमव्ही म्हणजे नुसतं नाव बदलणं, २०० जीबीचा जॉबही क्षणात जातो. मिनिटं लागायला लागली तर कंट्रोल-सी दाबा, तुम्ही चुकून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करताय. तारीख नावात अशासाठी, की फाइलची एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) या हलवाहलवीत बदलत नाही, नंतर "कधी बाजूला काढलं" ते तिच्यावरून कळत नाही.

हलवण्याआधी एसएमबीस्टेटस -एल (एल कॅपिटल) मारून त्या जॉबमधली फाइल कुणी उघडी ठेवली नाही ना ते बघा.

यादी नोटपॅडमध्ये करणार असाल तर सर्व्हरवर आधी डॉसटूयुनिक्स मारा. नोटपॅड ओळीच्या शेवटी एक जादा कॅरेज रिटर्न ठेवतं, तो नावाला चिकटतो, आणि साठही नावांना "नो सच फाइल". मग व्हाइल रीड -आर चा लूप, आत एमव्ही -एन -व्ही -- "$नाव" आणि पुढं त्या बाजूच्या फोल्डराचा पाथ. अवतरणं विसरू नका. नाहीतर "पंप हाउसिंग" हे पंप आणि हाउसिंग असे दोन वेगळे जॉब समजले जातात, आणि "पंप" नावाचा खरा जॉब असेल तर तोच जातो. दोन हायफन अशासाठी, की हायफननं सुरू होणारं नाव ऑप्शन समजलं जाऊ नये.

पंधरा दिवस थांबा. फौंड्रीकडून त्याच कास्टिंगची पुन्हा ऑर्डर आली की जुना पॅटर्न कोण मागेल सांगता येत नाही. त्या पंधरा दिवसांत टारनं (सगळं एका फाइलीत बांधणारी कमांड) बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि टार -डीएफनं ताडून घ्या. काही न बोलता परतलं म्हणजे जुळलं. बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तिच्यावर बसत नाही, आधी फॉरमॅट बघा.

शेवटचं आरएम टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा. नुसत्या एसएसएचवर (आपल्या पीसीवरून सर्व्हरला जोडणी) लाइट गेली, तुमचा पीसी बंद पडला की सर्व्हर यूपीएसवर असूनही काम अर्धवट थांबतं. कमांड: आरएम -आर -आय --वन-फाइल-सिस्टिम, इथं आय कॅपिटल, म्हणजे एकदाच विचारतं. -एफ कशाला ओ? ते चुकीचं नावही मुकाट गिळतं, आणि आपण समजतो पुसलं.

रात्रीचा बॅकअप आरसिंक --डिलीटनं (इथं नसलेलं तिथंही पुसतं) चालत असेल तर इथली चूक रात्री तिथंही पोचते. चुकलं कळल्याबरोबर आधी क्रॉनमधली (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) ती ओळ बंद करा, मग शोधाशोध.

पॅटर्नशॉप_उद्यमबाग

.रिसायकलमध्ये २१२ जीबी निघाले. टॅबनं पंपही सापडला. दोन जॉब मात्र हलेनात, "परमिशन डिनाइड". ग्रुपमध्ये मी आहे, वरच्या फोल्डरवर २७७५ (ग्रुपलाही लिहायचा हक्क) आहे. सीएचमॉड -आर ७७७ (आर कॅपिटल, सगळ्यांना सगळे हक्क) मारू का?

निपाणीकर

नको! मग उद्या कुणीही काहीही पुसेल.

फोल्डर एका जागेहून दुसरीकडं हलवायला वरच्या दोन्ही फोल्डरांवर लिहायचा हक्क लागतोच, पण खुद्द त्या फोल्डरवरही लागतो, कारण त्याच्या आतली ".." ही नोंद बदलते. कुणीतरी उमास्क (नव्या फोल्डरांचे हक्क कापणारी सेटिंग) ०२२ असताना तो जॉब केलाय, म्हणून त्यावर २७५५ पडलंय आणि ग्रुपला लिहिता येत नाही. एलएस -एलडी मारून खात्री करा. आत पुसताना तेच: फाइलवरचा हक्क नव्हे, ती ज्या फोल्डरात आहे त्याचा हक्क बघितला जातो. त्या दोन जॉबपुरतं सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्कानं) एमव्ही, पूर्ण पाथ लिहून, बस. सुडोनंही "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं तर एलएसएटीटीआर -डी बघा, आय (बदल करायला बंदीची खूण) दिसला तर सीएचएटीटीआर -आय नं काढा.

खानापूर_रोड

पुढं असं होऊ नये म्हणून एसएमबी.कॉन्फमध्ये त्या शेअरखाली "फोर्स डिरेक्टरी मोड = २७७०" टाका आणि सांबा रीलोड करा. जुन्या फोल्डरांना ते लागू होत नाही, ते हातानंच. आणि बाजूला सारलेल्या जॉबांनी डीएफ कमी दाखवणार नाही, ती जागा पंधरा दिवसांनंतरच सुटेल. तोवर .रिसायकल आणि ट्यून२एफएसवर निभेल.