चाचणी हवी, गुण कशाला?

खडूची भुकटी
निकाल लागायच्या सुमारास ‘परीक्षा बंद करा’ची ओरड सुरू होते आणि माझं डोकं फिरतं. मुलाला विचारणं आणि मुलाला मोजणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ओरडणारे त्यांची एकच मोट बांधतात.

विचारण्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार फेऱ्या. एका गटाने चारही फेऱ्यांत एकच उतारा वाचला. दुसऱ्याने पहिल्या फेरीत वाचला आणि पुढच्या तिन्ही फेऱ्यांत, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१. गंमत अशी, की ‘आपल्या हे चांगलं लक्षात राहणार’ अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! पिवळ्या पेनाने अख्खं पुस्तक रंगवून परीक्षेला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं: चाचण्या वाढवा, गुण काढून टाका.

मागचा बाक
अजिबात पटलं नाही. ते सगळे कॉलेजचे विद्यार्थी होते. नऊ वर्षांच्या पोराला त्याच मापाने मोजू नका.

माझी मुलगी चाचणीचा पेपर घरी आणते तेव्हा उजवीकडचा वरचा कोपरा दुमडलेला असतो. नीट, नखाने घडी घालून. तिथे गुण असतात. परवा दप्तर आवरताना आठ पेपर निघाले, आठही तसेच. आणि तुम्ही म्हणता चाचण्या वाढवा.

खडूची भुकटी
कॉलेजचा मुद्दा रास्त आहे. पण नंतर शाळेतल्या खऱ्या वर्गांतही हे करून पाहिलं गेलं. आठवीच्या विज्ञानावर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या भागावर अधूनमधून छोटे प्रश्न विचारले होते तो भाग घटक चाचणीत मुलांना जास्त चांगला आला.

बाकी तुमची लेक माझीच बाजू मांडते आहे. ती कोपरा दुमडते, पान फाडत नाही. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर हेच तपासलं. काहींना फक्त गुण, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. एकंदरीत फक्त शेरा मिळालेल्यांची गोडी टिकली आणि कामही सरस झालं. दोन्ही मिळालेल्यांची गत जवळपास फक्त गुणवाल्यांसारखीच. आकडा दिसला की खालची ओळ कोण वाचतंय!

रिकामटेकडा
आठवणं म्हणजे समजणं नव्हे. घोकंपट्टीला नवं नाव दिलंत, एवढंच.

खडूची भुकटी
आठवायला डोक्यात काही असेल तर समजायला आधार मिळतो. रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगात मुलांना बेसबॉलच्या डावाचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळात कोरी असलेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे निघाली. आता त्या माहितीला घोकंपट्टी म्हणायचं असेल तर म्हणा.

उलटसुलट
वीस वर्षं शिकवतोय, म्हणून लिहितो. प्रयोग वाचायला छान वाटतात. वर्गात ‘लिहा’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘सर, याला मार्क आहेत?’ नाही म्हटलं की अर्धी पेनं खाली.

दुसरं, साठ वह्यांवर शेरे लिहायचे कधी? रात्री एकला तिसावी वही हातात असते तेव्हा शेरा होतो ‘अक्षर सुधारा’. त्यापेक्षा दहापैकी चार हे जास्त प्रामाणिक.

आणि तिसरं कोणी बोलतच नाही. शेरा माणूस बघून लिहिला जातो. ज्याचे आईवडील शाळेत येऊन बोलू शकतात त्याच्या वहीवर ‘हुशार आहे, थोडं लक्ष द्यावं’. ज्याचे कोणी येत नाहीत त्याच्या वहीवर नुसतं ‘लक्ष नाही’. गुण निदान उत्तराला मिळतात. आम्हाला शाळेत शेऱ्यांवर सोडलं असतं तर मी मास्तर झालो नसतो.

मागचा बाक
@उलटसुलट, तिसरा मुद्दा लागला. हा विचारच केला नव्हता.

खडूची भुकटी
मलाही लागला, आणि त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. वह्यांचं मात्र सांगतो. मी वह्या गोळाच करत नाही. तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तकं बंद. तीन प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा. रफ कागदावर उत्तरं. मग पुस्तक उघडून ज्याचं त्याने तपासायचं. कागद त्यांचाच, मी बघतही नाही. सुरुवातीचे पंधरा दिवस पेनं खाली राहिली, हे कबूल. महिन्यापूर्वीचा प्रश्न आला की अजूनही वर्ग कण्हतो.

रिकामटेकडा
म्हणजे मुलं पुस्तकात बघून ‘बरोबर’ची खूण करतात आणि तुम्ही खूश.

खडूची भुकटी
काही करतात. खोट्या खुणेचा फायदा शून्य, त्यामुळे हळूहळू कंटाळतात.

मागचा बाक
मुलीला शेवटी विचारलं, कोपरा का दुमडतेस? म्हणाली, ‘शेजारच्यांना दिसतो म्हणून.’ चुका दिसल्या तर चालतात म्हणे.

उलटसुलट
चालतात ना, पण वर्षअखेरीला कोणाला पुढच्या तुकडीत बसवायचं हे त्या रफ कागदांवरून ठरवणार का?

खडूची भुकटी
तिथे मोजा. माझं भांडण दर आठवड्याच्या मोजणीशी आहे.

उलटसुलट
दर आठवड्याला मोजलं नाही तर एप्रिलमध्ये आईबाप अंगावर येतात, ‘आधी का नाही सांगितलंत?’ तेव्हा तुम्ही या माझ्या जागी उभे राहायला.