डॉन बीबीचं उदाहरण
निवृत्त खेळाडूला शाळेत कोचिंगची संधी निव्वळ नावावर मिळते, हे तुमचं मत मला पटलं नाही. डॉन बीबी बघा. नेब्रास्कातल्या चॅड्रन स्टेटसारख्या छोट्या कॉलेजातून आलेला अमेरिकन फुटबॉलचा हा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) १९८९ला बफेलो बिल्स संघात आला आणि सलग चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, हरला.

त्यातला जानेवारी १९९३चा सामना. बिल्स ५२-१७ने मागे, सगळं संपलेलं. समोरच्या डॅलस संघाचा लिऑन लेट सांडलेला चेंडू उचलून एंड झोनकडे (मैदानाच्या टोकाचा पट्टा, तिथे चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे गुण) धावतोय, उत्साहात हात पसरून वेग कमी करतोय. बीबी मागून जिवाच्या आकांताने धावला आणि गोल लाइनच्या अगदी तोंडाशी त्याच्या हातातला चेंडू उडवला! टचडाउन हुकला. निकालात काहीच फरक पडणार नव्हता, तरी तो धावला. मला तर हा क्षण त्याने पुढे पॅकर्स संघातून खेळताना जिंकलेल्या सुपर बोलपेक्षाही मोठा वाटतो.

नंतर तो इलिनॉयमध्ये आपल्या भागात परतला, ऑरोरा ख्रिश्चन शाळेचा कोच झाला. २०११ आणि २०१२, लागोपाठ दोन राज्य विजेतेपदं. त्या पोरांना ‘शेवटपर्यंत धावा’ असं सांगायचा हक्क त्याच्याइतका कुणाला असणार?